लिनक्स कम्प्युटरला मोबाईल जोडायचा कसा? केबल, वाय-फाय, ब्लूटूथ: सगळे मार्ग सोप्या भाषेत

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. आपल्याकडे, म्हणजे अकोल्याच्या अकोट फैल, बैदपुऱ्यापासून अमरावतीच्या पठाण चौक, नागपुरी गेटपर्यंत घरात, क्लासमध्ये, मदरशात, छोट्या दुकानात जे आठ-दहा वर्षं जुने कम्प्युटर आहेत, त्यातल्या पुष्कळांवर विंडोज ११ चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. नवीन मशीन घेणं सगळ्यांना झेपत नाही. मग कोणी तरी सांगतं, "लिनक्स टाका, फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालते." लोक मिंट किंवा उबंटू टाकून घेतात. इंटरनेट चालतं, टायपिंग होतं, प्रिंट निघते, व्हायरसची कटकटही कमी होते.

आणि आठवड्याभरात तक्रार येते, "सर, मोबाईल लावला केबलनं, पण तो दिसूनच नाही राहिला. काहून?"

एवढ्या एका कारणावरून काही जण लिनक्स काढून टाकतात आणि पुन्हा कुठलं तरी चोरीचं विंडोज बसवतात. खरं तर बहुतेक वेळी दोष लिनक्सचा नसतोच. मोबाईल 'फक्त चार्जिंग'वर असतो, नाही तर केबल तशी असते. ही गोष्ट एकदा समजली की पुढचं काम पाच मिनिटांचं आहे.

हे शिकून घेणं गरजेचं का?

कारण आज आपल्या घरातले अर्धे महत्त्वाचे कागद फोनमध्ये आहेत. निकाहनामा, टीसी, जन्मदाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिपच्या पावत्या, घराचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, अब्बांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद कुठल्या पेटीत आहे ते आठवत नाही, पण "मोबाईलमध्ये फोटो आहे ना" असं म्हणून आपण निर्धास्त असतो. फोन चोरीला गेला, पाण्यात पडला किंवा त्याचा डिस्प्ले गेला की त्या दिवशी कळतं की एकुलती एक प्रत तीच होती.

६ जून २०२५ ला केंद्र सरकारचं 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची माहिती व कागदपत्रं त्यावर चढवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. मस्जिद, दर्गाह, कब्रस्तानचे जुने कागद बाहेर काढायचे, मोबाईलनं फोटो घ्यायचे, कम्प्युटरवर आणायचे, पीडीएफ करायची आणि मग अपलोड, असं हे काम असतं. यातली 'मोबाईलवरून कम्प्युटरवर' ही पायरी दिसायला सगळ्यात सोपी, पण फोटो बिघडतो तो इथंच.

कसा बिघडतो? व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. लग्नाच्या फोटोत ते डोळ्यांना जाणवत नाही. पण जुन्या उर्दू-फारसी दस्तऐवजात सगळा खेळ नुक्त्यांचा असतो. बे, पे आणि ते या अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्ते किती आणि कुठे याचा. दुआ आणि दगा यातही उर्दूत एका नुक्त्याचंच अंतर आहे. शंभर वर्षांपूर्वीची शाई आधीच फिकी, त्यात फोटो दाबला गेला तर नुक्ता आणि कागदावरचा डाग सारखाच दिसतो. मोडीतल्या कागदांचंही तसंच. म्हणून मूळ फोटो, मूळ आकारात, जसाच्या तसा कम्प्युटरवर आला पाहिजे. त्याचे मार्ग आता पाहू.

आधी एक गोष्ट समजून घ्या: फोन म्हणजे पेनड्राईव्ह नाही

पेनड्राईव्ह लावला की लगेच उघडतो, मग फोन का नाही?

जुने अँड्रॉइड फोन पेनड्राईव्हसारखेच उघडायचे. त्यात एक अडचण होती. एका कपाटाला एकच किल्ली आहे असं समजा. ती कम्प्युटरच्या हातात दिली की फोनला स्वतःचंच कपाट उघडता येत नसे. कॉपी चालू असेपर्यंत फोनमधली गॅलरी, गाणी बंद. घाईत केबल ओढली तर आतला मजकूर खराब होण्याची भीती वेगळी.

म्हणून पुढे अँड्रॉइडनं 'एमटीपी', म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल ही पद्धत घेतली. यात किल्ली कम्प्युटरला मिळत नाही. ग्रंथालयात खिडकीवर बसलेल्या माणसाकडे आपण पुस्तक मागतो आणि तो आतून आणून देतो, तसं हे काम चालतं. कम्प्युटर मागतो, फोन काढून देतो. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात.

एक, फोननं परवानगी दिल्याशिवाय काहीच दिसत नाही. फोन लॉक असेल तर खिडकी बंद.

दोन, खिडकीवरचा माणूस एका वेळी एकच काम करतो. एकीकडे फोटो कॉपी होत असताना दुसरं फोल्डर उघडायला गेलात तर सगळंच अडकतं.

तीन, फोनमधली फाईल तिथल्या तिथे उघडून त्यात बदल करू नका. आधी कम्प्युटरवर कॉपी करा, मग उघडा.

एमटीपी मुळात मायक्रोसॉफ्टनं बनवलेली पद्धत आहे, पण लिनक्सला ती उत्तम समजते. मिंट, उबंटू, झोरिन यांत त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर आधीच असतं. वेगळा ड्रायव्हर, सीडी, काही लागत नाही. आणि गंमत म्हणजे अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे! लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जी सुरुवात केली, त्याच लिनक्सच्या गाभ्यावर तुमचा रेडमी, सॅमसंग, विवो चालतो.

पहिला मार्ग: केबल

जास्त फोटो, मोठे व्हिडिओ असतील तर हाच मार्ग धरा.

१. फोनचं लॉक उघडा आणि उघडंच ठेवा.

२. केबल लावा. डेस्कटॉप असेल तर शक्यतो सीपीयूच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट बऱ्याच जुन्या कॅबिनेटमध्ये ढिले झालेले असतात.

३. काही फोनमध्ये लगेच खिडकी येते. सॅमसंगमध्ये डेटा पाहू द्यायचा का असं विचारतात, तिथे 'अलाऊ' दाबा. रेडमी, विवो, ओप्पोमध्ये पर्याय येतात, त्यातला 'फाईल ट्रान्सफर' निवडा.

४. खिडकी आली नाही तर स्क्रीनवर वरून खाली बोट ओढा. नोटिफिकेशनमध्ये 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्यावर दाबा आणि 'फाईल ट्रान्सफर' निवडा. काही फोनमध्ये त्याच्या पुढे 'अँड्रॉइड ऑटो' असंही लिहिलेलं असतं, तेच ते.

५. आता कम्प्युटरवर फाईल मॅनेजर उघडा. उबंटूत त्याचं नाव 'फाइल्स', मिंटमध्ये 'निमो', केडीईत 'डॉल्फिन'. डाव्या पट्टीत तुमच्या फोनचं नाव दिसेल. त्यावर क्लिक केलं की 'इंटर्नल शेअर्ड स्टोरेज' दिसतं, फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर तेही वेगळं दिसतं.

आत शिरल्यावर कुठे काय असतं? कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमधल्या 'कॅमेरा'मध्ये. उतरवलेल्या पीडीएफ 'डाउनलोड'मध्ये. स्क्रीनशॉट बहुतेक 'पिक्चर्स' किंवा 'डीसीआयएम'मध्ये. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि कागद शोधायला लोक सगळ्यात जास्त भटकतात. नव्या फोनमध्ये रस्ता असा आहे: अँड्रॉइड, मग मीडिया, मग 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', मग व्हॉट्सॲप, मग पुन्हा मीडिया. तिथे फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट, व्हॉइस नोट अशी वेगवेगळी फोल्डरं सापडतात. दादीजानच्या आवाजातल्या व्हॉइस नोटही इथेच असतात. त्या जपायच्या असतील तर आजच काढून घ्या.

फाईल निवडा, कंट्रोल आणि सी, मग कम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही. 'कट' करू नका. मध्येच केबल हलली तर फाईल ना इकडची ना तिकडची. आधी कॉपी, मग तपासणी आणि शेवटी, वाटलंच तर फोनमधून डिलीट.

काम झालं की फोनच्या नावासमोरच्या बाण-चिन्हावर क्लिक करून मगच केबल काढा.

फोन दिसत नाही? या क्रमानं तपासा

पहिला संशय केबलवर घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारातल्या काही स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात. फोन चार्ज होतो, पण माहिती जायला रस्ताच नसतो. म्हणून "चार्ज तर होऊन राहिला, मग केबल चांगलीच असेल" हा हिशोब चुकतो. फोनच्या डब्यातून आलेली केबल लावून पाहा. नवीन घेताना दुकानदाराला "डेटा केबल पाहिजे" असं स्पष्ट सांगा.

दुसरं, फोन लॉक तर नाही ना? 'फाईल ट्रान्सफर' निवडलंय ना? केबल काढून पुन्हा लावली की बरेच फोन आपोआप परत चार्जिंगवर जातात. दर वेळी निवडावं लागतं.

तिसरं, फोनचं नाव दिसतं पण फोल्डर रिकामं. याचा अर्थ बहुतेक वेळा परवानगी द्यायची राहिली. लॉक उघडा, केबल काढून पुन्हा लावा, 'अलाऊ' दाबा.

चौथं, 'अनेबल टू माउंट' किंवा 'अनेबल टू ओपन एमटीपी डिव्हाइस' असा संदेश आला तर दुसरा एखादा प्रोग्राम, उदाहरणार्थ आपोआप उघडलेला फोटो मॅनेजर, फोन धरून बसलेला असू शकतो. तो बंद करा, केबल काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. तरी नाही झालं तर फोन आणि कम्प्युटर दोन्ही रीस्टार्ट करा.

पाचवं, फोनमध्ये 'पीटीपी' किंवा 'फोटो ट्रान्सफर' असा पर्याय असेल तर तो निवडून पाहा. त्यात फोन स्वतःला कॅमेरा म्हणवतो, फक्त फोटो-व्हिडिओ देतो. पुष्कळदा एमटीपी रुसली की पीटीपी चालते.

हजारो फोटो असतील तर फोल्डर उघडायलाच दोन-चार मिनिटं लागू शकतात. फोन बिघडला असं समजू नका. शंभर-दोनशेच्या गठ्ठ्यांनी कॉपी करा. आणि वऱ्हाडचा उन्हाळा लक्षात ठेवा. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी चार्जिंग आणि कॉपी दोन्ही एकदम चालू ठेवली तर फोन भयंकर तापतो आणि मंदावतो. हे काम सकाळी किंवा ईशानंतर करा.

दुसरा मार्ग: केबलशिवाय, वाय-फायवरून

रोजच्या कामाला, म्हणजे दोन फोटो, चार पीडीएफ पाठवायला हा मार्ग सोयीचा आहे. दोन ॲप माहीत असली की पुरे.

लोकलसेंड: हे ॲप फोनवर प्ले स्टोअरमधून घ्या आणि लिनक्सवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. मिंटमध्ये ते 'फ्लॅटपॅक' म्हणून मिळतं, उबंटूच्या ॲप सेंटरमध्ये 'स्नॅप' म्हणून. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. दोन्हीकडे ॲप उघडा. फोनवर 'सेंड'मध्ये जाऊन फाईल निवडा, खाली कम्प्युटरचं नाव दिसेल, त्यावर दाबा. कम्प्युटरवर 'ॲक्सेप्ट' करा. झालं. विंडोज, मॅक आणि आयफोनवरही हेच ॲप चालतं.

केडीई कनेक्ट: हे एकदा जोडी लावून ठेवायचं ॲप आहे. फोन आणि कम्प्युटर दोन्हीवर टाका, 'पेअर' करा, दुसरीकडे मान्यता द्या. त्यानंतर गॅलरीत फोटो उघडून 'शेअर'मध्ये केडीई कनेक्ट निवडलं की फोटो सरळ कम्प्युटरच्या 'डाउनलोड्स'मध्ये. फाईलखेरीज फोनवर आलेले मेसेज कम्प्युटरवर दिसतात, इकडे कॉपी केलेला मजकूर तिकडे पेस्ट करता येतो. उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर त्याचंच 'जीएसकनेक्ट' नावाचं रूप चांगलं बसतं. दोन्ही उपकरणांमधली देवाणघेवाण कुलूपबंद असते, म्हणजे त्याच वाय-फायवरच्या तिसऱ्या माणसाला मधल्या मध्ये वाचता येत नाही.

मिंट वापरणाऱ्यांना 'वॉर्पिनेटर' नावाचं ॲप आधीच टाकलेलं मिळेल. दोन लिनक्स कम्प्युटरमध्ये फाईल द्यायला ते छान आहे.

इथे लोकांचा एक मोठा गैरसमज असतो: "माझ्याकडे वाय-फाय म्हणजे ब्रॉडबँड नाही, मग कसं होईल?" या कामाला इंटरनेट लागतच नाही. दोन्ही उपकरणं एकाच जाळ्यात असली की झालं. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा आणि फाईल पाठवा. फाईल फोनवरून थेट लॅपटॉपवर जाते, त्यात तुमचा डेटा पॅक खर्च होत नाही. फक्त त्या वेळी लॅपटॉपवर यूट्यूब किंवा अपडेट चालू ठेवू नका, ते मात्र डेटा खातात.

जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय नसतं. त्याला केबलनं फोन जोडून फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेथरिंग' चालू करा. लिनक्स लगेच ते ओळखतं आणि कम्प्युटरला इंटरनेट मिळतं. नवीन सॉफ्टवेअर उतरवायला ही युक्ती कामाची आहे.

दोन्ही ॲप उघडी असून एकमेकांना दिसत नाहीत? तीन कारणं असतात. फोन एका वाय-फायवर आणि कम्प्युटर दुसऱ्यावर. किंवा हॉस्टेल, ऑफिसच्या राउटरमध्ये एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली. तिथे आपला हॉटस्पॉट वापरा. किंवा कम्प्युटरची फायरवॉल आडवी आलेली. मिंट-उबंटूत ती सुरुवातीला बंदच असते, पण कोणी चालू केली असेल तर केडीई कनेक्टसाठी १७१४ ते १७६४ हे पोर्ट आणि लोकलसेंडसाठी ५३३१७ हा पोर्ट मोकळा करावा लागतो. टीसीपी आणि यूडीपी, दोन्ही.

शिक्षकांसाठी उलट्या दिशेचा उपयोग सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, पीडीएफमध्ये मोफत मिळतात. एकदा कम्प्युटरवर उतरवून ठेवा. पालकसभेच्या दिवशी लोकलसेंडमधून ज्यांना हवीत त्यांच्या फोनवर द्या. एकाच वेळी अनेकांना पाठवायचीही सोय त्यात आहे. ज्या घरात रिचार्ज संपलेला असतो त्या घरातल्या मुलाकडेही पुस्तक पोचतं.

तिसरा मार्ग: ब्लूटूथ, पेनड्राईव्ह, मेमरी कार्ड

ब्लूटूथ चालतं, पण धीम्या गतीनं. एखाद-दोन फोटोंना ठीक, शंभर एमबीच्या व्हिडिओला पाच-दहा मिनिटं सहज जातात. उबंटूत फोनवरून फाईल घ्यायची असेल तर कम्प्युटरवर ब्लूटूथ सेटिंगची खिडकी उघडी ठेवा, नाही तर फाईल नाकारली जाते.

ओटीजी पेनड्राईव्ह, म्हणजे एका टोकाला फोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी, हा घरातल्या मोठ्यांसाठी सगळ्यात सोपा मार्ग. त्यात एकच काळजी घ्या: पेनड्राईव्ह कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट केलाय. 'फॅट ३२' सगळीकडे चालतो, पण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ अर्ध्यात अडतो तो यामुळे. 'एक्सफॅट'ला ती अडचण नाही. लिनक्सच्या गाभ्यात एक्सफॅट नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ आवृत्तीपासून आहे, म्हणजे आजच्या कुठल्याही मिंट-उबंटूवर तो उघडतो. लिनक्सचा स्वतःचा 'ईएक्सटी ४' प्रकार मात्र पेनड्राईव्हला वापरू नका, फोन तो सहसा वाचत नाही.

आयफोन असेल तर

आयफोन केबलनं लावा, लॉक उघडा. 'ट्रस्ट धिस कम्प्युटर?' असं विचारलं की 'ट्रस्ट' दाबून पासकोड टाका. फाईल मॅनेजरमध्ये फोन दिसेल, 'डीसीआयएम'मध्ये फोटो. दिसला नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'आयफ्यूज' (स्पेलिंग: आय, एफ, यू, एस, ई) शोधून टाका.

फोटो आले पण उघडत नाहीत, अशी तक्रार असेल तर ते 'एचईआयसी' प्रकारचे असणार. पुढच्या फोटोंसाठी आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. मग फोटो जेपीईजीमध्ये निघतात. इतर कागदांसाठी लोकलसेंडच बरं.

व्हॉट्सॲपनंच पाठवायचं असेल तर

फोटो 'गॅलरी'तून न पाठवता जोडणीच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. मग तो दाबला जात नाही, मूळ आकारात जातो. २ जीबीपर्यंतची फाईल अशी जाते. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोच्या पोटातली, कधी काढला ती तारीखही निघून जाते. कागदपत्रांच्या बाबतीत ती तारीख कधी कधी महत्त्वाची ठरते. केबलनं कॉपी केल्यावर फाईलसमोर आजची तारीख दिसली तर घाबरू नका. फोटोच्या आतली मूळ तारीख शाबूत असते, 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहता येते.

उर्दू-मराठी फाईलचे दोन-तीन प्रश्न

फाईलला मराठी किंवा उर्दू नाव देता येतं, लिनक्सला काही अडचण नाही. पण नाव आटोपशीर ठेवा. लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, उर्दूचं दोन आणि देवनागरीचं तीन, त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नाव साधारण ८५ चिन्हांत संपलं पाहिजे. बातमीचं अख्खं शीर्षक फाईलला दिलं की 'नेम टू लाँग' येतं ते यामुळे. नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी 'कोलन' टाकू नका, पेनड्राईव्ह ते स्वीकारत नाही.

उर्दू मजकूर नस्तालीकऐवजी कोरड्या नस्ख वळणात दिसत असेल तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, फॉन्ट नाही. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मोफत फॉन्ट टाकून घ्या. इनपेजच्या फाईल मात्र लिनक्सवर सरळ उघडत नाहीत. ज्यांच्याकडे इनपेज आहे त्यांच्याकडून पीडीएफ करून घ्या.

परक्या कम्प्युटरला फोन लावताना

हा मुद्दा घरातल्या मुलींना, बायकांना आवर्जून वाचून दाखवा. फोटो प्रिंट करायला किंवा फॉर्म भरायला आपण सायबर कॅफेत जातो आणि फोन केबलनं लावून देतो. 'फाईल ट्रान्सफर' निवडलं की एक फोटो नाही, फोनचं अख्खं स्टोरेज समोरच्याच्या स्क्रीनवर उघडं होतं. गॅलरी, व्हॉट्सॲपचे फोटो, आधारची पीडीएफ, सगळं.

म्हणून बाहेर फोन जोडू नका. लागणारी तेवढीच फाईल पेनड्राईव्हवर न्या. परक्या कम्प्युटरला चार्जिंगसाठी लावलाच तर 'चार्जिंग ओन्ली' ठेवा आणि कुठलीही परवानगी विचारली तर नाकारा. 'यूएसबी डीबगिंग' बंदच असू द्या. काम झाल्यावर आपली फाईल तिथून डिलीट करायला सांगा आणि रीसायकल बिनमधूनही काढायला लावा.

कॉपी झाली, आता पुढे?

कम्प्युटरवर आलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही, हार्ड डिस्कही एक दिवस जाते. जाणकार लोक ३-२-१ चा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या भाषेत: एक कम्प्युटरवर, एक पेनड्राईव्हवर आणि एक बहिणीच्या किंवा भावाच्या घरी दुसऱ्या पेनड्राईव्हवर. मूळ कागद तर जपायचेच, फोटो म्हणजे मूळ नव्हे.

फोनमधून काही पुसण्याआधी दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. फाईलची संख्या आणि एकूण आकार जुळला पाहिजे. मग चार-पाच फोटो प्रत्यक्ष उघडा, मोठे करून बघा. जुना दस्तऐवज असेल तर नुक्ते स्वच्छ दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर मूळ कागद समोर आहे तोवर दिवसाच्या उजेडात पुन्हा फोटो घ्या. नंतर ती संधी मिळेलच असं नाही.

ज्यांना लिनक्स नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिसचे धडे मराठीतही मोफत आहेत. मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांनी ते पाहावेत आणि जुम्याच्या दिवशी नमाजनंतर अर्धा तास मस्जिद कमिटीच्या किंवा शेजारच्या एखाद्या बुजुर्गाच्या मदतीला बसावं. एक डेटा केबल, एक पेनड्राईव्ह आणि अर्धा तास, एवढ्यात एका घराचे सगळे कागद सांभाळले जातात.